उजाडलं, मळमळलं, गैरसोय झाली

माझी तक्रार पाच वाक्यांची होती. ती आधी इथे उतरवून देतो, कारण पुढचे तीन आठवडे ज्यांनी ज्यांनी तिला उत्तरं दिली, त्यांतल्या एकानेही ती वाचलेली नव्हती. निदान तुम्ही तरी वाचा.

‘मी अर्धा किलो पीबेरी कॉफीच्या भाजलेल्या अख्ख्या बिया मागवल्या होत्या. पार्सलमधून पूड निघाली. ती पाव किलो आहे. पाकिटावर कॉफी 60 टक्के, चिकोरी 40 टक्के असं छापलेलं आहे. कृपया मागवलेला माल पाठवावा.’

यात एकही विशेषण नाही. (‘भाजलेल्या’ आणि ‘अख्ख्या’ ही दोन्ही विशेषणंच आहेत, असं स्वयंपाकघरातून सांगण्यात आलंय. असोत. रागाचं एकही नाही.) तक्रारीत रागाचं विशेषण घातलं, की उत्तर लिहिणाऱ्याला लोंबकळायला फांदी मिळते. तुम्ही ‘भयंकर मनस्ताप’ लिहिलंत की तो त्या मनस्तापाबद्दल दोन परिच्छेद हळहळतो आणि माल राहतो बाजूला. हे मला कसं ठाऊक, ते सांगेन. लगेच नको. थोडी लाज वाटते.

तशी आमच्या घरात कॉफीची थोरवी फार जुनी नाही. आमच्याकडे कॉफी म्हणजे दूध उकळायचं, साखर घालायची, झटपट कॉफीचा एक चमचा सोडायचा आणि वरून जायफळ किसायचं. जायफळाचा हात जड झाला तर चारला कॉफी प्यायलेला माणूस एकदम सातला उठायचा. पाहुणे त्याला पाहुणचार समजत. मग मुलगा नोकरीसाठी बंगळुरूला गेला आणि त्याला कॉफीचं ज्ञान झालं. मी निवृत्त झालो तेव्हा त्याने मला शाल-श्रीफळाऐवजी हाताने फिरवायचं एक दळणयंत्र पाठवलं. जात्याचं नातवंडच म्हणायचं. सोबत स्टीलचा फिल्टर आणि फोनवर तंबी: ‘‘बाबा, बियाच घ्या. दळलं की वास उडायला लागतो. प्यायच्या आधी पाच मिनिटं दळायचं.’’

पीबेरीही त्यानेच सांगितली. कॉफीच्या फळात साधारणपणे दोन बिया असतात, जुळ्या भावंडांसारख्या एकमेकींना पाठ लावून, म्हणून एका बाजूने चपट्या. क्वचित एखाद्या फळात एकच बी धरते आणि सगळी जागा तिलाच मिळाल्यामुळे ती गोल होते. ती पीबेरी. एकुलती एक, लाडावलेली. भावही तसाच. माझे 640 रुपये गेले.

पार्सल चिकमगळूरकडच्या मालाचं होतं, म्हणून मी ते जरा भक्तिभावाने उघडलं. सतराव्या शतकात बाबा बुदन हज यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून सात बिया लपवून घेऊन आले आणि त्या चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. डोंगराला आजही त्यांचंच नाव आहे. सात बिया, पण अख्ख्या. माझं पार्सल भरणाऱ्या माणसाच्या हाती त्या दिवशी बाबांचं सामान असतं, तर बाबा पावशेर पूड घेऊन चढ चढले असते आणि दक्षिण भारत आज लिंबू सरबत पीत असता.

पुडीला नावं ठेवायची नाहीत मला. चिकोरी म्हणजे एका झाडाचं मूळ. भाजून दळतात, आपल्याकडे गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात पिकतं, त्यात कॅफीन नसतं, पण काढ्याला रंग आणि दाटपणा येतो. माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या दुकानात गिऱ्हाईकं आपापलं प्रमाण सांगून ती मिसळून घेतात. कायद्यानेही अशा मिश्रणात निदान 51 टक्के कॉफी लागते आणि दोन्हींचं प्रमाण पाकिटावर छापावं लागतं. ते छापलेलं होतं. थोडक्यात, पाकीट खरं बोलत होतं. पुढच्या सगळ्या पत्रव्यवहारात खरं बोललेलं तेवढंच एक.

तक्रार पाठवल्याच्या चौथ्या सेकंदाला पोच आली. ऑनलाइन विक्रीचे 2020 सालचे नियम कंपनीला पोच द्यायला 48 तास देतात. चार सेकंदांत पोच देणारी कंपनी उरलेल्या वेळात तक्रार वाचत असेल, अशी माझी समजूत झाली. दुसऱ्या दिवशी ‘ग्राहक आनंद विभागा’चं पत्र आलं. इंग्रजीतून होतं. मी मराठीत सांगतो:

‘प्रिय ग्राहक, आपण संपर्क साधलात याबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या कॉफीची चव आपल्या पसंतीस उतरली नाही हे वाचून अतिशय वाईट वाटलं. चव ही ज्याची त्याची आवड असते. उत्तम स्वादासाठी बिया हवाबंद डब्यात ठेवाव्यात आणि कॉफी करण्याच्या अगदी आधी दळाव्यात. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ खाली एक कूपन. पुढच्या 999 रुपयांच्या खरेदीवर 50 रुपये सूट, सात दिवसांच्या आत.

मी चवीबद्दल अवाक्षर काढलेलं नव्हतं. चव घेतलीच नव्हती. आणि दळण्याचा सल्ला शंभर टक्के बरोबर असला, तरी दळलेली पूड परत अख्खी करायचं यंत्र मुलाने पाठवलेलं नव्हतं.

मी पत्र बायकोला दाखवलं. ती 31 वर्षं शाळेत मराठी शिकवून निवृत्त झाली आहे. घरात वाण्याची यादी आली तरी आधी ऱ्हस्व-दीर्घ बघते, मग साबुदाणा. तिने शेवटच्या वाक्यावर बोट ठेवलं.

‘‘दिलगीर आहोत, याचा कर्ता कोण?’’

‘‘कंपनी.’’

‘‘आणि गैरसोय झाली, याचा?’’

मी विचार केला. ‘‘गैरसोयच की.’’

‘‘म्हणजे बघा अहो, दिलगीर व्हायला कंपनी हजर, पण होण्याचं काम गैरसोयीने एकटीने उरकलं. आली, बसली, झाली. उजाडलं, सांजावलं, मळमळलं, यांच्या पंक्तीला नेऊन बसवलंय तिला. कोण उजाडलं? कुणी नाही. कोण मळमळलं? कुणी नाही. आठवीला शिकवायचे मी. भावकर्तृक क्रियापद. ही भावकर्तृक कंपनी.’’

मी म्हटलं, सगळीकडे असंच लिहितात. रस्ता खणून ठेवतात त्या पाटीवरही ‘तसदीबद्दल क्षमस्व’ असतंच. तर म्हणाली, तिथे निदान पाटीशेजारी खड्डा असतो. आणि ते खरंच आहे. ठाणे स्टेशनात दिलगिरी व्यक्त करणारी ती बाईसुद्धा आधी गाडी कोणती आणि किती मिनिटं उशिरा ते सांगते, मग खेद मानते. माझ्या पत्रात खेद होता, गाडीचा पत्ता नव्हता.

आता ती लाजेची गोष्ट सांगून टाकतो.

मी एका बँकेत 34 वर्षं नोकरी केली. त्यातली शेवटची नऊ विभागीय कार्यालयातल्या तक्रार कक्षात. कक्ष म्हणजे दोन टेबलं, एक कपाट आणि मी. ‘आपले पत्र पावले. सदर बाब तपासण्यात आली असून योग्य ती कार्यवाही करण्यात येत आहे.’ ही दोन वाक्यं मी आयुष्यात किती वेळा लिहिली असतील, त्याचा हिशेब चित्रगुप्ताकडे असेल. ‘सदर बाब’ हा या धंद्यातला हुकमाचा एक्का. चेक हरवलेला असो, व्याज कमी लागलेलं असो, शिपायाने पेन पळवलेलं असो, सगळ्यांची मिळून एकच सदर बाब होते. ‘तपासण्यात आली’, कुणी तपासली ते नाही. ‘करण्यात येत आहे’, कधी होणार ते नाही. 1995 साली रिझर्व्ह बँकेने बँकिंग लोकपाल आणला. पुढे महिन्याभरात बँकेने उत्तर दिलं नाही, तर गिऱ्हाईक सरळ तिकडे जाऊ लागलं. तेव्हापासून आमची उत्तरं वेळेवर जाऊ लागली. एकोणतिसाव्या दिवशी.

एका पेन्शनर बाईंच्या खात्यातून दुसऱ्याच कुणाच्या लॉकरचं भाडं कापलं गेलं. लागोपाठ दोन वर्षं. मी त्यांना लिहिलं, ‘सदर बाब तपासण्यात आली असून योग्य ती दुरुस्ती करण्यात आलेली आहे. आपणांस झालेल्या तसदीबद्दल बँक दिलगीर आहे.’ पैसे परत दिले होते, खोटं नाही बोलत. तरी बाई पत्र घेऊन आल्या. टेबलासमोर बसल्या, चष्मा पुसला आणि विचारलं, ‘‘चूक कुणी केली?’’

‘‘सिस्टिमने.’’

‘‘कुठे बसतात ते?’’

मी छताकडे बोट केलं. वरच्या मजल्यावर संगणक विभाग होता, त्यामुळे तसं अगदीच खोटंही नव्हतं. चूक माझ्या शेजारच्या टेबलावर झालेली होती आणि टेबलाचा मालक त्या वेळी समोरच चहा पीत होता. बाई छताकडे बराच वेळ बघत बसल्या.

हे सगळं ठाऊक असलेली बायको कंपनीचं पत्र खाली ठेवून म्हणाली, ‘‘हा तुमच्याच हाताखाली तयार झालेला दिसतोय हो.’’

इथे मात्र मला धंद्याचा अभिमान आडवा आला. मी म्हटलं, मुळीच नाही. आम्ही पत्र वाचून टाळायचो. अहो, टाळायला आधी वाचावं लागतं! काय टाळायचं ते कळल्याशिवाय टाळणार कसं? बाईंनी लॉकरबद्दल लिहिलेलं, म्हणून तर मी ‘लॉकर’ हा शब्द येऊ दिला नाही. यांनी बियांबद्दलच्या पत्राला चवीचं उत्तर दिलंय. ही टाळाटाळ नव्हे, ही टाळाटाळीची नक्कल आहे.

मी पुन्हा लिहिलं. चवीबद्दल तक्रार नाही, माल वेगळा आला आहे. उत्तर आलं, पार्सल उघडतानाचा अखंड व्हिडिओ पाठवावा, त्यात सील, पत्ता आणि माल एकाच वेळी दिसायला हवा. आमच्याकडे आमच्या लग्नाचा व्हिडिओ नाही. मी पाकिटाचे फोटो पाठवले, पुढून, मागून आणि ते 60-40 दिसेल असे जवळून. तिसऱ्या उत्तरात भाषा निवडायची सोय होती. मी मोठ्या आशेने मराठीवर बोट ठेवलं आणि जे आलं ते असं:

‘आम्ही तुम्हाला ऐकतो. तुमच्या संयमाचे कौतुक केले जाते. तुमचे तिकीट आता जवळ केले गेले आहे.’

जवळ म्हणजे काय, हे कळायला मला संध्याकाळ लागली. तक्रार ‘क्लोज’ झाली होती. बायकोने तो मजकूर छापून घेतला, लाल पेनाने तपासला, दहापैकी दोन गुण दिले आणि समासात लिहिलं, ‘पालकांना घेऊन येणे.’ ती प्रत मला कंपनीला पाठवू दिली नाही. म्हणाली, त्यांना पालक असते तर ही वेळ आली नसती.

या काळात मला आमच्या गिरणीवाल्याची फार आठवण झाली. तो काही गोडबोल्या नाही. पण बाजरी निघाल्यावर जात्याखालचं झाडून न घेता आमचे गहू टाकले गेले आणि पोळ्या काळपट झाल्या, तेव्हा मी डबा घेऊन गेलो तर त्याने चिमूटभर पीठ बोटांत चोळलं, हुंगलं आणि मागे वळून ओरडला, ‘‘ए, काकांचं दळण बाजरीवर कुणी टाकलं रे?’’ आतून एक पिठाने पांढरा झालेला मुलगा आला. त्याने टाकलं होतं. झालं. दिलगिरी नाही, आभार नाहीत, माझा अनुभव त्याच्यासाठी मोलाचा नव्हता. दोन किलो गहू त्याने आपल्या पोत्यातले काढले. कर्ता, कर्म, क्रियापद, सगळं जागच्या जागी, पिठाने माखलेलं.

सोसायटीत तळमजल्यावर एक काका आहेत, ते ग्राहक पंचायतीचे जुने कार्यकर्ते. 1970च्या दशकात पुण्या-मुंबईत ही चळवळ उभी राहिली, तेव्हापासूनचे. त्यांना माझी हकिगत ऐकून तरतरी आली. 1915 वर फोन करा, म्हणाले, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. नाहीतर सरळ जिल्हा आयोगात जा. पाच लाखांपर्यंत मोजलेल्या रकमेच्या तक्रारीला शुल्कच नाही. मी 640 रुपयांची पावती दाखवली. ‘‘रक्कम महत्त्वाची नाही,’’ ते म्हणाले, ‘‘पुरावा जपून ठेवा.’’

इथे अडचण आली. पुरावा आम्ही पीत होतो. वास चांगला होता, आणि घरात ठेवलेली कॉफी चौकशी संपेपर्यंत न पिता थांबणं ही शिस्त आमच्या घराण्यात नाही. बायकोने ती दुधात उकळून, गाळून, वर जायफळ किसलं. मुलाला यातलं काही सांगितलेलं नाही.

काकांनी जाता जाता मला धीर दिला, की तुमची तक्रार काही जगावेगळी नाही. लंडनच्या ब्रिटिश संग्रहालयात तळहाताएवढी मातीची एक वीट आहे. सुमारे 3,750 वर्षांपूर्वी ऊर शहरातल्या ईया-नासिर नावाच्या व्यापाऱ्याला नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने ती लिहिली. तांबं हलक्या प्रतीचं दिलंत, माझ्या माणसाशी उर्मटपणे वागलात, पैसे अडकवलेत. दोन्ही बाजूंनी भरून लिहिलंय. मी त्या विटेचा फोटो बघितला आणि मला नन्नीचा हेवा वाटला. ईया-नासिर चोर असेल, पण तो होता. त्याला नाव होतं. नन्नीला लिहिताना कुणाला लिहितोय ते माहीत होतं. माझ्या पत्रांखाली पहिल्यांदा ‘टीम आनंद’, दुसऱ्यांदा ‘टीम काळजी’ आणि तिसऱ्यांदा नुसता एक हसरा चेहरा होता.

मग एक दिवस दुपारी फोन आला. आवाज तरुण मुलीचा. ‘‘सर, मैं आपकी किस प्रकार सहायता कर सकती हूँ?’’ फोन तिने केला होता आणि सहायता कशी करायची ते मला विचारत होती. मी माझ्या हिंदीत सुरुवात केली. ‘‘वो क्या है, हमने अख्खे बिया मंगाए थे, और पूड निकला.’’

पलीकडे हसू दाबल्याचा आवाज. ‘‘काका, मराठी बोला ना. मी लातूरची हाय.’’

‘‘मग बाळ, माझी पहिली तक्रार काढ आणि वाच.’’

‘‘थांबा हं.’’ की-बोर्डाचा खडखडाट. मग तिने ती मोठ्याने वाचली, शाळेत धडा वाचतात तशी, पाचही वाक्यं. मी रिसीव्हरवर हात ठेवून बायकोला बोलावलं. स्पीकर लावला.

‘‘बिया मागवल्या अन् पूड आली,’’ ती म्हणाली. ‘‘हे तर सरळच हाय की. इतके दिवस काय चाललंय मग ह्याचं?’’

‘‘तेच विचारतोय.’’

‘‘आमचंच चुकलंय, काका. या दोन मालांचे कोड एकापाठोपाठच हायत, शेवटचा आकडा तेवढा वेगळा. गोदामात पॅकिंगच्या पोरानं शेजारचं पाकीट उचललं असणार. मी बदलीची नोंद टाकते. आठ दिवस धरा.’’

बायकोने माझ्याकडे बघितलं. पोरानं उचललं. असणार, पण उचललं.

‘‘आणि ती पूड?’’ मी विचारलं. ‘‘परत पाठवायची?’’

‘‘राहू द्या तुमच्याकडंच. पिऊन टाका.’’

‘‘टाकली,’’ आतून बायको म्हणाली.

मुलगी पुन्हा हसली आणि मग तिला बहुधा काहीतरी आठवलं, कारण तिचा आवाज एकाएकी इस्त्री केल्यासारखा झाला. ‘‘सर, गुणवत्तेसाठी हा कॉल रेकॉर्ड होत आहे. आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत. आपला दिवस शुभ असो.’’

फोन ठेवतो न ठेवतो तोच संदेश. आमच्या प्रतिनिधीला किती तारे द्याल? मी चारावर बोट नेलं. बँकेत आमचा दंडकच होता, सगळे रकाने पूर्ण भरलेले दिसले की तपासणीला आलेला माणूस तीच फाइल उघडतो. पण मुलाला विचारलं तर म्हणाला, ‘‘बाबा, तिथे चार म्हणजे नापास.’’ तेव्हा पाच दिले. खाली शेऱ्याची चौकट होती. तिच्यात मी लिहिलं, ‘मुलीने तक्रार वाचली.’

चौथ्या सेकंदाला उत्तर आलं. आपल्याला आलेल्या अनुभवाबद्दल वाचून त्यांना अतिशय वाईट वाटलं होतं.

बियांची वाट बघतोय. पूड कालच संपली. शेवटच्या कपात जायफळ जरा जास्त पडलं. सातला उठलो.